मुलांना सिंगापूर नाही दाखवलं तर बाप नापास का? (थीम पार्कवर खर्च किती करायचा)

त्रिमूर्तीनगरचा_बाप

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा एका सद्गृहस्थांनी सिंगापूरचे फोटो टाकले. सेंटोसाचा तो युनिव्हर्सलचा फिरता गोळा, समोर चौघं हवेत उडी मारलेले. फोटोचं काही नाही, टाका शंभर. पण खाली लिहिलं होतं, "मुलं एकदाच लहान असतात. त्यांच्यावर खर्च करताना ज्यांचा हात आखडतो त्यांनी कमवायचंच कशाला?" तेवीस लोकांनी अंगठे दिले. त्यात एक अंगठा माझ्या बायकोचा. म्हणून इथे लिहून राहिलो, तिकडे लिहिलं तर लिफ्टमध्ये रोज तोंड लपवत फिरावं लागेल.

हिशोब असा आहे. आम्ही दोघं नोकरीवाले, दोघांचे मिळून हातात 96 हजार येतात, त्यातून फ्लॅटचा हप्ता, दोन पोरांची शाळा, व्हॅन, ट्यूशन, बाबांची औषधं. सिंगापूरचं कोटेशन मागवलं तर चौघांचे 3 लाख 40 हजार. त्यात नागपूरहून थेट विमान नाही, मग आधी दुसऱ्या शहरात जा, व्हिसा काढा, वरून टीसीएस (परदेशी पॅकेजवर आधीच घेतात तो कर) कापणार. तो रिटर्नमध्ये वळता होतो हे माहीत आहे, शिकवू नका, पण आज तर माझ्याच खिशातून जातो ना. दुसरीकडे हैदराबाद. वंदे भारतने सव्वासात तासांत सिकंदराबाद, एक दिवस वंडरला पार्क, एक दिवस रामोजी फिल्म सिटी, दोन रात्री हॉटेल, टॅक्सी, खाणंपिणं धरून 42 हजार. धाकटा 4 वर्षांचा आहे, त्याला सिंगापूर काय आणि नागपुरातलं सदर काय.

माझा नियम सांगतो. घरात महिन्याला जेवढे येतात त्याच्या निम्म्याच्या वर सहल जाऊ नये. मग ती कुठलीही असो. आई-बाबांना या वेळी नेत नाही, ते राइडवर बसणार नाहीत आणि तिकीट मात्र लागणारच, दोघांचे मिळून जे तीन-साडेतीन हजार वाचतात त्यात आमचं एका दिवसाचं जेवण निघतं.

आता सांगा, यात हात आखडला कुठे?

मिहानवाली_आई

निम्म्यात?? हा नियम कुठल्या ग्रंथात आहे हो? आम्ही मागच्या दिवाळीत सिंगापूर केलं, 3 लाख 25 हजार, आणि एक रुपया उधार नाही. दोन वर्षं आरडी लावली, गाडी बदलायची होती ती नाही बदलली, बाहेर जेवणं बंद. तुमच्या नियमात मी गुन्हेगार ठरते.

आणि का केलं ते पण सांगते. आमचे बाबा दर उन्हाळ्यात म्हणायचे, "पुढच्या वर्षी एस्सेलवर्ल्ड." ते सुरू झालं 1989 ला, मी तेव्हा दुसरीत. टीव्हीवर जाहिरात लागली की मी आणि माझा भाऊ सोफ्यावर त्याच जाहिरातीसारखं डोलायचो. पुढच्या वर्षी आर्वीला मामाकडे. त्याच्या पुढच्या वर्षी पण आर्वी. बाबा वाईट नव्हते, त्यांचा पण असाच काहीतरी नियम असेल. मी मुंबईला नोकरीला लागले तेव्हा चोविसाची होते, रविवारी एस्सेलवर्ल्डला नेणाऱ्या गोराईच्या बोटीपर्यंत एकदा गेले आणि परत आले, एकटी जाऊन पाळण्यात काय बसणार. आता तर ते बंदच झालं. त्यामुळे "पुढच्या वर्षी" हा शब्द मला सहन होत नाही.

हिशोबी_खामला

ताई, तुमचं उदाहरण वेगळं आहे, तुम्ही साठवून गेलात. खरा रोग आहे ईएमआयवरची सहल. आमच्या ऑफिसात एकाने "नो कॉस्ट ईएमआय" वर चौघांना बँकॉक फिरवलं, मे महिन्यात जाऊन आला, पुढच्या एप्रिलपर्यंत हप्ता. सप्टेंबरमध्ये त्याच्या मुलाच्या दाताची तार बसवायची होती तर माझ्याकडे पाच हजार मागायला आला. हसतमुखाने.

आणि ज्यांना एलटीए (सुट्टीच्या प्रवासाचा भत्ता) मिळतो त्यांनी एक लक्षात ठेवा, करसवलत फक्त प्रवासभाड्यावर आहे, तेही भारतातल्या भारतात, चार वर्षांच्या ब्लॉकमध्ये दोनदा. हॉटेल नाही, पार्कचं तिकीट नाही, रामोजीचं पॅकेज नाही. त्यात नवी कररचना घेतली असेल तर तेही विसरा. दर वर्षी मार्चमध्ये लोक पार्कची तिकिटं घेऊन माझ्या टेबलाशी उभे राहतात, म्हणून सांगून ठेवलं. तिकिटावर 18 टक्के जीएसटी जातो तो वेगळाच, जानेवारी 2018 च्या आधी तर 28 होता.

बाकी 3 लाख 40 हजार पंधरा वर्षं एसआयपीत टाकले असते तर

मिहानवाली_आई

तर माझी मुलगी 24 वर्षांची झाली असती आणि मी तिला फंडाचं स्टेटमेंट दाखवलं असतं, की बघ बेटा, हा तुझा रोलर कोस्टर. हिरवा आहे, वर गेला आहे.

हिशोबी_खामला

वाक्य पूर्ण तरी करू द्या. चुकून सेंड झालं होतं.

इतवारीचा_पोट्टा

राजेहो, सव्वातीन लाख! तेवढ्यात माह्या मामानं कोंढाळीले दीड एकर संत्र्यात ठिबक टाकलं अन् वरून सेकंडहँड बुलेट घेतली. पोट्ट्यायले पाणीच पाह्यजे ना? अमरावती रोडनं बाजारगावच्या वॉटर पार्कले घेऊन जा, संध्याकाळी घरी, रात्री सावजी. आमच्या टायमाले अंबाझरीले क्रेझी कॅसल होतं, शाळेची सहल जाये, घरी येतपर्यंत डोळे लालभडक, माय म्हणे काय पिऊन आला काय बे. मजा तेवढीच होती. उन्हाळ्यात इथं 45 डिग्री असते तवा पाणी कुठलं आहे हे कोणी पाहत नाही.

अन् त्रिमूर्तीनगरवाले भाऊ, बाकी सगळं पटलं तुमचं. पण मायबापाच्या तिकिटातून जेवण काढनं, हे काही बरं नाही वाटलं बाप्पा.

सक्करदरा_ताई

मी रोज नुसती वाचते, लिहीत नाही, पण त्या ओळीसाठी लॉगिन केलं. "तीन-साडेतीन हजार वाचतात." वा. दोघंही नोकरीवाले ना तुम्ही? मग पोरं शाळेतून येतात तेव्हा दाराचं कुलूप कोण उघडतं? व्हॅनवाल्याचा फोन कोण घेतं? वर्षभर बिनपगारी आजी-आजोबा चालतात आणि सहलीच्या वेळी त्यांचं तिकीट महाग. राइडवर बसणार नाहीत म्हणे. तुमचा धाकटा 4 वर्षांचा, तो तरी किती राइडवर बसणार आहे? त्याला नाही ठेवत घरी!

त्रिमूर्तीनगरचा_बाप

ताई, आमच्या घरचं तुम्हाला काय माहीत? बाबांचे दोन्ही गुडघे गेलेत. रामोजीला दिवसभर बसमधून उतर-चढ, वंडरलात तर नुसतं चालणं. आईला बीपी. मी त्यांना उन्हात फिरवून आजारी पाडू का, इथे चार लोक "वा, श्रावणबाळ" म्हणावेत म्हणून? धागा खर्चाचा आहे, माझ्या संस्कारांचा नाही.

सक्करदरा_ताई

गुडघे आत्ता आले. आधी फक्त साडेतीन हजार होते.

बेसाची_सून

मी बोलू का, ज्या घरात राहते ते घर कोणी ओळखणार नाही अशी आशा ठेवून. सासू-सासरे सोबत असले की सहल त्यांची, नवऱ्याची आणि मुलांची होते. सुनेची होत नाही. मी इलेक्ट्रिक किटली, चहापत्ती, साखर, आल्याचा तुकडा, दुधाची पावडर असं सगळं बॅगेत घालून नेते कारण बाबांना पहाटे पाचला चहा लागतो आणि हॉटेलचा चहा "पाणचट". महाबळेश्वरला मी सूर्योदय बघितला तो किटलीच्या वाफेतून. त्यामुळे ज्यांना न्यायचं त्यांनी न्या, पण न नेणारा लगेच नालायक, हे बंद करा. त्या वहिनींना पण विचारा कोणीतरी, ज्यांनी अंगठा दिला.

सक्करदरा_ताई

चहा नवऱ्याला करायला सांगा. त्यासाठी म्हाताऱ्यांना घरी ठेवायची गरज नाही.

बेसाची_सून

हो का, हे मला 14 वर्षांत सुचलंच नाही. धन्यवाद हो. उद्यापासून तुम्हीच या सांगायला.

पुण्यातून_पाहतोय

एवढा वाद कशाला? खोपोलीचं इमॅजिका आहे की जवळच. 2013 पासून चालू आहे, वॉटर पार्क आहे, स्नो पार्क आहे, आम्ही तर सकाळी डबा खाऊन निघतो आणि रात्री घरी. महाराष्ट्रात एवढी चांगली सोय असताना विदर्भातले लोक तेलंगणात का जातात हे मला खरंच कळलेलं नाही.

इतवारीचा_पोट्टा

"जवळच." 😂 भाऊ, तुम्ही नकाशा पाह्यला काय कधी? नकाशाच्या उजव्या आंगाले एक शहर आहे, संत्र्याचं चित्र असते त्याच्यावर.

हिशोबी_खामला

समृद्धी महामार्ग 701 किलोमीटर आहे आणि तो भिवंडीजवळ आमण्याला संपतो, खोपोली त्याच्याही पुढे. टोल, डिझेल, एक मुक्काम, आणि मागच्या सीटवर उलटी करणारं मूल. सिकंदराबाद रेल्वेने साधारण पावणेसहाशे किलोमीटर, तेही बसून. आम्ही तेलंगणात का जातो, याचं उत्तर गुगलला नाही, आयआरसीटीसीला विचारा.

पुण्यातून_पाहतोय

मी चांगल्या भावनेने सांगितलं होतं. विषय सोडतो.

पेन्शनर_मास्तर

थोडं बोलतो. मी मराठी शाळेतला निवृत्त शिक्षक, वय 71. ज्यांच्या तिकिटावरून इथे भांडण सुरू आहे त्या जातीचा. अजून कोणी आम्हाला विचारलं नाही म्हणून स्वतःच आलो.

तीन वर्षांपूर्वी मुलगा आम्हा दोघांना अशाच एका मोठ्या पार्कात घेऊन गेला, नाव सांगत नाही. गेटवर बायकोच्या पिशवीतला डबा काढून घेतला, पोळ्या आणि कोरडी बटाट्याची भाजी, म्हणे बाहेरचं खाणं आत चालत नाही, जाताना घेऊन जा. आत गेल्यावर सगळे कपडे बदलून पाण्याकडे पळाले आणि मी बाकावर. माझ्याजवळ चार बॅगा, सहा जोड चपला, प्लास्टिकच्या पिशवीत पाच मोबाईल, आणि सगळ्यांची घड्याळं माझ्याच हातात चढवलेली, एका मनगटावर तीन. लॉकरचे पैसे वाचवले ना मुलाने. अकरापासून चारपर्यंत मी तिथे लॉकर म्हणून बसलो होतो. येणारेजाणारे वेळ विचारायचे, मी सांगायचो, कुठल्या घड्याळाप्रमाणे?

दोन-अडीचच्या सुमारास नात रडत आली. एका मोठ्या राइडसाठी पाऊण तास रांगेत उभी होती. तिथे उंची मोजायला तो रंगवलेला खांब असतो, तिचं डोकं रेघेच्या दोन बोटं खाली भरलं. टाचा उचलल्या, तर तिथल्या पोराने हसून खांद्यावर हात ठेवून खाली दाबलं. नियमच आहे, त्याची चूक नाही. तिने घरी महिनाभर भिंतीवर पेन्सिलीने खुणा केल्या होत्या, पण चपला घालून. ती माझ्याजवळ बसली, आम्ही एक कणीस घेतलं, किंमत सांगत नाही, बीपीवाले वाचत असतील. मग त्या राइडवरची माणसं कुठल्या वळणावर ओरडतात ते मोजत बसलो. ती म्हणाली, आबा, तिसऱ्या वळणावर बायका ओरडतात आणि चौथ्यावर पुरुष. खरंच तसंच होतं, आम्ही अकरा फेऱ्या मोजल्या.

माझं तिकीट वाया गेलं असं मला तरी वाटलं नाही. संध्याकाळी डबा परत मिळाला, भाजी आंबली होती.

आता मूळ मुद्दा. तिकिटाचं रडगाणं गाता, पण रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 पासून बंद आहे त्यावर कोणी धागा काढत नाही. पुरुषांना 40 टक्के होती, बायकांना 50. करोना गेला, सवलत आली नाही. आधी ती मागा, मग म्हातारे महाग वाटणार नाहीत.

सक्करदरा_ताई

मास्तर 🙏 तीन घड्याळं वाचून डोळ्यात पाणी आलं.

बेसाची_सून

माझ्या पण आलं. पण पोळ्या आणि बटाट्याची भाजी पहाटे उठून कोणी केली होती, तेही लिहा मास्तर.

पेन्शनर_मास्तर

बायकोने. आणि खरं सांगतो, ती दिवसभर कुठे बसली होती ते मला आत्ता आठवत नाही. विचारतो.

हिशोबी_खामला

वंदे भारतला तशीही सवलत मिळाली नसती असं मला वाटतं, पण मास्तरांशी मी वाद घालत नाही. मूळ मुद्द्यावर येऊ का? निम्मा पगार हा नियम मला पटत नाही, कारण 30 हजारवाल्याचा निम्मा आणि 3 लाखवाल्याचा निम्मा एक नाही. 30 वाल्याचे 15 म्हणजे किराणा आणि वीजबिल. माझं म्हणणं सरळ आहे, जाण्याच्या आधी सगळे पैसे खात्यात हवेत आणि परत आल्यावर तीन महिन्यांचा घरखर्च शिल्लक हवा. मग तुम्ही सिंगापूरला जा नाहीतर रामटेकला.

मिहानवाली_आई

म्हणजे मी बरोबर होते. एवढं लांबवून सांगायची गरज नव्हती.

हिशोबी_खामला

तुम्ही आरडी 6-7 टक्क्यांनी ठेवलीत ते सोडून, हो.

त्रिमूर्तीनगरचा_बाप

मग माझा नियम चूक आणि यांचा बरोबर? मिहानवाल्या ताई, एक प्रामाणिक सांगा. मुलीला आता सिंगापूरमधलं काय आठवतं?

मिहानवाली_आई

खरं सांगू? हॉटेलची लिफ्ट. काचेची होती. आणि विमानात मिळालेली रंगाची पेटी. युनिव्हर्सलमध्ये डायनासोरजवळ तिला झोप लागली, नवऱ्याने दीड तास खांद्यावर घेतली. पण मला आठवतं हो. मी गेले होते ना. आता हसा.

इतवारीचा_पोट्टा

म्हणजे खरं तर ताईचीच सहल होती, आर्वीवाली बाकी राहिली होती ती. 😄 मंग पैसे वसूल. हे मान्य, मी नाही हसत.

धरमपेठ_६०

एक कामाचं सांगते, कारण इथे सगळे किंमतीवर भांडून राहिले आणि तारखेवर कोणी बोलत नाही. आपल्या विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रानंतर आठवड्याभराने सुरू होतात. पुण्या-मुंबईच्या 15-16 जूनला उघडतात, तेलंगणातल्या त्याच्याही आधी. म्हणजे जूनचा तिसरा आठवडा फक्त आपला. आम्ही दोनदा त्याच आठवड्यात गेलो, तेही साधा वार पाहून, रांग अशी नव्हतीच. मुलांनी एकाच राइडवर पाच-पाच चकरा मारल्या. मे महिन्यातल्या शनिवारी जाऊन तेच तिकीट काढाल तर दिवसभरात पाच राइड होतात, मग लोक वैतागून फास्ट ट्रॅक (रांग टाळायचं महाग तिकीट) घेतात आणि बजेट तिथे फुटतं. पाऊस असतो थोडा, पण भिजायलाच जातो ना आपण. आणि मुलांची उंची घरी अनवाणी मोजून जा, लहान मुलांचं तिकीट बहुतेक ठिकाणी वयावर नाही, उंचीवर असतं.

त्रिमूर्तीनगरचा_बाप

हे सगळ्यात कामाचं. धन्यवाद. एवढे लोक माझ्या घरात शिरले तेव्हा कुठे एक माणूस तारीख सांगून गेला.

आता ऐका, कारण तुम्हा सगळ्यांच्या मेहेरबानीने काल रात्री घरात जे झालं. बायकोने हा धागा वाचला (युजरनेमवरून ओळखलं, बदलायला हवं होतं) आणि सरळ आईसमोर ठेवला. आईने चष्मा लावून सगळं वाचलं, मास्तरांचं दोनदा. मला वाटलं आता रडारड. ती म्हणाली, "मले तुमच्या त्या पाळण्यात काही बसायचं नाही. पण हैदराबादला जाऊनच राहिले तर मला सालारजंग म्युझियम पाहायचं आहे. ते घड्याळ, ज्याच्यातून बाहुला बाहेर येऊन टोले देतो. लग्न झालं तेव्हा तुझे बाबा म्हणाले होते, पुढच्या वर्षी नेतो." बाबा पेपरात डोकं घालून बसले. 44 वर्षं झाली त्या पुढच्या वर्षाला.

तर सहा जण जातो आहोत. पार्कच्या दिवशी आई-बाबा रिक्षाने म्युझियम, पार्कचं तिकीट त्यांचं काढणारच नाही, हे लक्षात घ्या सक्करदरा ताई, साडेतीन हजार अजूनही वाचले. नवा हिशोब 55 हजार.

हिशोबी_खामला

96 चा निम्मा 48.

त्रिमूर्तीनगरचा_बाप

माहीत आहे मला. गणित माझं पण होतं.

सक्करदरा_ताई

मी काही बोलत नाही. फक्त पहाटे 5 ची गाडी आहे, बाबांचा चहा कोण करणार तेवढं सांगा.

बेसाची_सून

किटली हवी असेल तर माझी देते. आल्यासकट.

धरमपेठ_६०

अहो त्रिमूर्तीनगर, वार कोणता धरला पार्कला? शुक्रवार तर नाही ना? सालारजंग शुक्रवारी बंद असतं.

त्रिमूर्तीनगरचा_बाप

...शुक्रवारच धरला आहे. थांबा, रामोजी आणि वंडरला उलटसुलट होतं का बघतो.